गावची मोटार आणि जिजीचं दुकान

माझं अक्षर चांगलं नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. चौथीनंतर शाळा सुटली. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. जिजीबद्दल कोणीतरी लिहायला हवं होतं, आणि तिच्या शेजारी रोज बसणारी मी एकटीच होते.

आमच्या गावात जिजीशी बोलण्याआधी तिचा पदर बघावा लागतो. पदर डोक्यावर असला तर ती सरपंच. कमरेला खोचलेला असला तर ती मोटारी भरणारी. चुकीच्या पदराशी बोललात तर ती ऐकूनच घेत नाही.

तिचे मालक, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, विहिरीवरच्या मोटारी भरायचे. भरायची म्हणजे जळालेली तार उपसायची आणि नवी तांब्याची तार वेटोळी करून आत बसवायची. नाना गेले आणि जिजीने त्यांची पक्कड हातात घेतली. मी तिच्याकडे रोजाने जाते. पुढे सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं आणि लोकांनी जिजीला उभं केलं. ती म्हणाली, दुकान बंद होणार नाही. लोक म्हणाले, नको करू बंद. तेव्हापासून हे पदराचं सुरू झालं.

एकदा बापू नावाचा शेतकरी ओट्याखालूनच ओरडला, "जिजी, मन्ही मोटार जळी गयी!"

जिजी पंचायतीचे कागद बघत होती. "आते मी सरपंच शे. मोटारनं दुकानमा सांग."

"दुकान कोठे शे?"

"आठेच शे. थांब." तिने कागद पिशवीत घातले, पदर खोचला, सरकून पाटावर बसली. "हां, बोल भाऊ. काय व्हयनं?"

मोटार उतरली, घासाघीस होऊन भाव ठरला. बापू जायला वळला, तर पदर पुन्हा डोक्यावर.

"बापू, तुन्ही पाणीपट्टी बाकी शे."

"जिजी, एक येळले एकच बाई बोला ना!"

मी तोंड फिरवून हसले. जिजी हसली नाही.

दुकानात बसून ती कोणाच्या दाखल्यावर सही करायची नाही. पंचायतीच्या पेनाने दुकानाची पावती लिहायची नाही. घरकुलाच्या यादीत नाव लागावं म्हणून एक जण मोटार घेऊन आला आणि म्हणाला, "जिजी, तू सांगशी तो भाव." तिने त्याची मोटार परत त्याच्या बैलगाडीत चढवली. नंतर मला म्हणाली, "जो भाव करत नही ना कमल, त्याले तार नको ऱ्हास. त्याले सही पाहिजे ऱ्हास."

उपसरपंच आप्पांना हे सगळं वेड वाटायचं. त्यांच्या पुतण्याचं ट्रॅक्टर पंचायतीच्या रस्त्यांवर मुरूम टाकायचं. आप्पा समजावायचे, "दुकान कमलना नावावर कर. पाटी बदल, मोकळी व्हय."

"पाटी बदलीसन हात बदली जातस का?" जिजी म्हणायची.

मागच्या उन्हाळ्यात गावाच्या पाणीपुरवठ्याची मोटार जळाली. म्हसावद रस्त्यावरची विहीर भरलेली आणि गावात थेंब नाही. जिजीचं दुकान पंचायतीपासून हाकेच्या अंतरावर. सगळ्यांना वाटलं, दोन दिवसांत काम होईल. जिजी बैठकीत म्हणाली, सरपंचाने पंचायतीचं काम स्वतःला घ्यायचं नसतं, मोटार शहाद्याला जाईल. मोटार ट्रॅक्टरवर चढली आणि तिच्याच ओट्यासमोरून शहाद्याला गेली.

मग बायकांचं ऐकून घ्यावं लागलं. शेतातल्या विहिरीवरून हंडे वाहून माना दुखल्या होत्या. एक जणी ओट्यावर रिकामा हंडा आपटून म्हणाली, "जिजी, तुन्हा नियम यामा भरू का?"

जिजी खाली मान घालून तार गुंडाळत राहिली. पदर कमरेला होता, तरी त्या दिवशी तो कोणी बघितला नाही.

ते दिवस होळीचे. शहाद्याच्या दुकानदाराचा कारागीर अक्कलकुव्याच्या पलीकडचा, डोंगरातला. होळीला डोंगरातला माणूस गावी गेल्याशिवाय राहत नाही. दुकानदाराने आमची मोटार म्हसावदच्या एका पोरसवद्या कारागिराकडे धाडली. त्याच्याकडे आधीच ढीग. सीझनमध्ये तो जास्तीचं काम आमच्याकडे पाठवतो, तसं त्याने याही वेळी टेम्पोने पाठवलं. मोटारीच्या पोटातला फक्त लोखंडी गोल भाग येतो. वरचं कवच नसलं की कोणाची मोटार ते कळत नाही. आम्ही ते काम घेतलं, भरलं, वाळवलं, परत दिलं. पांढरा दोरा संपला होता, म्हणून एका मोटारीच्या वायरी मी ब्लाउजच्या पिवळ्या दोऱ्याने बांधल्या.

मोटार शहाद्याहून परत आली. बसवायला जिजी सरपंच म्हणून विहिरीवर गेली. सोबतीला मला नेलं. नारळ फुटला. मेकॅनिकने वायरी जोडायला मोटारीच्या बाजूची डबी उघडली, आणि आत पिवळा दोरा.

जिजीने बघितलं. मीही बघितलं. बाकी कोणाला त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. मोटार सुरू झाली, पाणी टाकीकडे निघालं, पोरं ओरडत पळाली.

जिजी पंपघराच्या पायरीवर बसली. "कमल, हाई गाठ तुन्ही ना?"

मी मान डोलावली.

पुढच्या ग्रामसभेत ती उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं: गावाची मोटार माझ्याच दुकानात भरली गेली, मला माहीत नव्हतं, पण पैसे माझ्याकडे आले. लोक हसले. "नळले पाणी उनं ना जिजी? मंग बस ना!" हंडा आपटणारीच सगळ्यांत मोठ्याने म्हणाली.

आप्पा मात्र हसले नाहीत. संध्याकाळी ओट्यावर आले. पदर बघायचंही विसरले. "आज तू उभी ऱ्हायनी. उद्या लोक आम्हले बी जाब इचाराले उभं करतीन."

"मंग ऱ्हावा उभा. तुम्हले बी पाय शेत ना."

जिजीला हे सगळं लेखी द्यायचं होतं, पैसेही परत करायचे होते. ग्रामसेवक भाऊसाहेब भला माणूस. त्यांनी शेजारी बसून सांगितलं, "जिजी, लेखी दिलंत तर चौकशी लागेल. खुर्ची जाऊ शकते. आणि पैसे परत घ्यायचे तर कशाखाली घेऊ? पंचायतीने पैसे दिले शहाद्याच्या दुकानाला. तुमचं नावच कुठे नाही."

"नाव नही, म्हनीसनच मी लिखी देस," जिजी म्हणाली.

तिने लिहून दिलं. चौकशी लागली. किती तरी दिवस ती पिशवी घेऊन तालुक्याला जात राहिली, कधी साहेब नसायचे, कधी कागद नसायचा. आप्पांच्या माणसांनी गावात उठवलं की जिजीची खुर्ची आता जाणार. मलाही भीती वाटायची. खुर्ची गेली तर तिचं नावही खराब होणार होतं, आणि तेही तिनेच दिलेल्या कागदामुळे. शेवटी साहेबांनी लिहिलं की सरपंचाला ठाऊक नव्हतं, त्यांनी आपणहून कळवलं, पद राहील. त्यांना मिळालेली मजुरी पंचायतीत जमा करून घ्यावी.

जिजी म्हणाली, मजुरी नाही, पूर्ण बिल जमा करते.

मला राहवलं नाही. मी सहसा बोलत नाही, पण तार गुंडाळता गुंडाळता विचारलं, "जिजी, आपल्याले थोडंच मिळनं व्हतं. शहादावालाना आन् म्हसावदवालाना पैसा तू कसाले भरस?"

तिने पक्कड खाली ठेवली. मग म्हणाली की नाना होते तेव्हाही एकदा गावाची मोटार जळाली होती. नानांनी सकाळीच पाट झाडला, नवी तार आणून ठेवली, धुतलेला सदरा घातला आणि ओट्यावर बसले. मोटार ट्रॅक्टरवर समोरून निघून गेली. तेव्हाच्या सरपंचाच्या साल्याचं असंच दुकान होतं, मोटार तिकडे गेली. नानांनी ट्रॅक्टरवाल्याला थांब म्हणून हात केला, त्याला वाटलं खुशाली विचारतात, आणि तोही हात करून पुढे गेला. मग आत येऊन सदरा काढून ठेवला.

"त्या दिन त्यासनी भाकर खादी नही," जिजी म्हणाली. "म्हसावदना पोऱ्या बी कामनी वाट देखत बठस ना, त्यापाशी पैसा कसा मांगू? गावना पैसा मन्हा दुकानना पैसामा नको. एक बी नको."

हप्त्याहप्त्याने ती भरत राहिली. दुसऱ्या दुकानामार्फत आलेलं काम तिने बंद केलं. शेतकरी स्वतः मोटार घेऊन आला तरच घ्यायची. काम कमी झालं, पण माझा रोज तिने कमी केला नाही. त्या मोटारीचा माझा रोजही तिने परत मागितला नाही. "तू काय सरपंच व्हती का?" एवढंच म्हणाली.

शेवटचा हप्ता भरायला तिने मला सोबत नेलं. भाऊसाहेबांनी पैसे मोजले, पावती फाडली. "झालं जिजी. आता एक रुपया बाकी नाही."

जिजी खुर्चीतून उठली नाही. "भाऊसाहेब, आखो एक डाव सांगा."

"पूर्ण फिटलं, जिजी."

ती माझ्याकडे वळली. "तू बी ऐकं ना, कमल? घर जाईसन सांगाले मन्हाकडे कोन्ही नही."

"हां, ऐकं, जिजी," मी म्हटलं. "बठ्ठं फिटनं."