जादाला जुलाब

‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सकाळची पहिली गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे.’

न्हावऱ्यात आमच्या आळीत सकाळी सकाळी हा आवाज आला, की बाहेरगावचा पाहुणा आंघोळ अर्धी टाकून पिशवी शोधायला लागतो. तुम्हीपण खिडकीतनं जागा धरायला रुमाल काढला असंल. ठेवा तो खिशात. गाडी न्हाई, फलाट न्हाई, घर हाय ते. आवाज आमच्या शेजारच्या इस्माईलचाचांचा. गाडी म्हंजी दूध, फलाट क्रमांक दोन म्हंजी मोरीशेजारची ताटली, आन् प्रवासी एकच. मांजर.

चाचा एसटीत कंट्रोलर होते. निम्मी नोकरी शिरूरला, निम्मी दौंडला, सगळी माईकपुढं. रिटायर झाले तवा माईक तिथंच राहिला, आवाज मात्र घरी घेऊन आले. भाजीत मीठ नसलं तर चाचा म्हणणार, ‘तांत्रिक कारणामुळे मीठ उशिराने धावत आहे.’ चाची होत्या तवर आतनं उत्तर यायचं, ‘ती गाडी रद्द झाली. गप जेवा.’ गेल्या साली चाची गेल्या. आता रद्द करणारं कुणी न्हाई, त्यामुळं दिवसभर गाड्या सुटतात.

चाचांच्या भाषा दोन. एक आपली घरची, हाय-न्हाईवाली. दुसरी माईकची, शुद्ध. आन् गंमत अशी, की माणसाला राग आला की भाषा घसरते, चाचांची सुधारते. लहानपणी माझ्या बॉलनं त्यांचा रांजण फुटला, तवा चाचा बाहेर येऊन म्हणाले, ‘आपण मूर्ख आहात, याची कृपया नोंद घ्यावी.’

मी नोंद घेतली. नुसती घेतली न्हाई, पाठ केली. मी पडलो नकल्या. शाळेत गॅदरिंगला हेडमास्तरांची नक्कल करून त्यांच्याच हातनं बक्षीस घेतलं, आन् दुसऱ्या दिवशी त्यांच्याच हातचा प्रसाद. आता फाट्यावर माझं मोबाईलचं दुकान हाय, पण गिऱ्हाईक नसलं की मी चाचा होतो. एकदा दुकानात बसून ‘शिरूरकडे जाणाऱ्या प्रवाशांनी’ एवढंच म्हणालो, तर दोन म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या.

तर ही मांजर. चाची गेल्यावर एका दुपारी उंबरा ओलांडून आली आन् सरळ चाचांच्या चपलेवर झोपली. चाचा म्हणाले, ‘वेळापत्रकात न्हवती ही.’ मंग वेळापत्रकात नसलेल्या गाडीला जे म्हणतात, तेच नाव पडलं. जादा. गवळी रोज लिटरभर दूध घालायचा. त्यातल्या निम्म्याचा चाचांचा दिवसभराचा चहा, निम्मं जादाला. बघता बघता मांजराची उशी झाली.

गेल्या हिवाळ्यात चाचा एका सकाळी दुकानात आले. सदऱ्याची बटणं वर-खाली, पायात दोन वेगळ्या चपला.

‘जादाच्या फेऱ्या वाढल्यात.’

‘कुठल्या फेऱ्या, चाचा?’

‘मोरीच्या.’

कालपासनं जुलाब लागले होते. चाचांनी अशक्तपणा भरून निघावा म्हणून आणखी दूध दिलं. मंग आणखी जुलाब. मंग आणखी दूध. आमच्याकडं गोठ्यागणिक दूध. बाळंतिणीला दूध, पैलवानाला दूध, तापातनं उठलेल्याला दूध. मांजराला दुसरं काय देणार? आळीतल्या बायांनी ओवा सांगितला, हिंग सांगितला. कुणीतरी आपली जुलाब थांबवायची अर्धी गोळी आणून दिली, ती चाचांच्या मुठीत घामानं विरघळायला लागली होती.

‘थांबा,’ मी म्हणालो, ‘डॉक्टरला विचारू.’ आन् जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

चाचा म्हणाले, ‘साहेब, जादाला जुलाब झालेत.’

‘जादा झालेत ते कळलं. झालेत कुणाला?’

‘जादाला.’

‘अहो, जादा म्हंजी किती?’

‘किती न्हाई, कोण ते विचारा.’

‘बरं, कोण?’

‘जादा.’

 मंग डॉक्टरांनी दुसऱ्या बाजूनं गाडी घातली. ‘दूध किती देती?’

‘देत न्हाई, पिती.’

‘म्हंजी कालवड हाय. बाहेर बांधा, आलोच.’

डॉक्टर आले ते बादलीएवढी सलाईनची बाटली आन् मदतीला दावं धरणारा गडी घेऊन. ‘गोठा कुठाय?’ म्हणाले. चाचांनी आपल्या जुन्या खाकी शर्टात गुंडाळलेली जादा पुढं केली. गडी दावं घेऊन तसाच उभा. डॉक्टरांनी एकदा दाव्याकडं बघितलं, एकदा मांजराकडं, आन् कपाळाला हात लावला.

पण माणूस चांगला. हसला न्हाई. जादाच्या मानेवरचं कातडं चिमटीत धरून वर उचललं आन् सोडलं. ते झटकन बसायला पाहिजे. हळूहळू बसलं, निवत आलेल्या दुधावरच्या सायीसारखं.

‘अंगातलं पाणी कमी झालंय,’ डॉक्टर म्हणाले. ‘खायला काय देता?’

‘दूध,’ चाचा म्हणाले. अभिमानानं म्हणाले. ‘म्हशीचं.’

‘तेच तर नडलंय. मोठ्या मांजराला दूध पचत न्हाई. आजपासनं बंद.’

आळी गार झाली. मांजराला दूध पचत न्हाई. उद्या हे म्हणतील, माशाला पाणी सोसत न्हाई. दारातनं एक म्हातारी म्हणाली, ‘मंग म्हणीतलं मांजर डोळं मिटून काय पित होतं, लिंबू सरबत?’

डॉक्टरांनी छोट्या सुईनं कातडीखाली पाणी सोडलं. जादाच्या पाठीवर उंटासारखा फुगा आला. चाचा बघून खाली बसले. डॉक्टर म्हणाले, ‘घाबरू नका, जिरंल. उकडलेली कोंबडी, बिनमिठाची, बोटभर द्या. पाणी घोट-घोट. ती मुठीतली गोळी तेवढी फेकून द्या, माणसाच्या गोळीनं मांजर दगावतं. आन् संध्याकाळपर्यंत तोंडात काही घेतलं न्हाई, तर दौंडला न्यावं लागंल. बारका जीव हाय. ह्यांचं लवकर हाताबाहेर जातं.’

डॉक्टरांनी पाठ वळवली आन् जादा शर्टातनं सुटली ती थेट माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागं. तिथं हात जात न्हाई, काठी जात न्हाई.

मंग सुरू झाल्या घोषणा. ‘जादा, आपण जिथे असाल तिथून फलाट क्रमांक दोनवर यावे.’ ‘जादा, आपली वाट पाहिली जात आहे.’ एरवी पहिल्या शब्दाला शेपूट वर करून येणारं मांजर. माळ्यावर हूं न्हाई की चूं न्हाई. चाचा कोंबडीचं पाणी वाटीत घेऊन शिडीशी उभे. दुपार कलली. गाव कामाला गेलं, चाचा बोलतच राहिले. ऊन उतरायला लागलं तवर आवाज फाटला, मंग चिरकला, मंग नुसती हवा येऊ लागली. माझ्या चुलत्याची जीप मी दारात आणून लावली होती, पण मांजरच हाती न्हाई तर दौंडला न्यायचं काय, गाद्या?

चाचांनी मला जवळ बोलावलं. घशातनं खरखर आली, ‘तू बोल.’

‘मी?’

‘माझ्या आवाजात बोल. दुकानात बोलतोस तसं. मला सगळं ठावं हाय.’

मी शिडीवर चढलो. खाकरलो.  ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे...’

खालनं चाचांनी पायाला चिमटा काढला. ‘नाकात बोलू नको. मी नाकात बोलत न्हाई.’

‘बोलता चाचा.’

‘मंग बोल नाकात.’

परत बोललो. ‘जादा, आपल्या गाडीला झालेल्या विलंबाबद्दल दिलगीर आहोत.’ गाद्यांमागं हललं. एक कान आला. मंग दुसरा. मंग सगळी जादा आली, माझ्याकडं बघितलं, खाली चाचांकडं बघितलं, एका आवाजाचे दोन मालक कसे ह्याचा हिशोब लागंना तशी बसली. आन् मी वाटी पुढं सरकवली तशी वाकून चाटायला लागली. लप, लप, लप. चाचांनी शिडी दोन्ही हातांनी धरली होती, ती इतकी हलली की मीच पडणार होतो. बाहेर चुलत्यानं उगाच हॉर्न दिला. म्हातारीनं आळीभर बातमी नेली, ‘खाल्लं गं, खाल्लं.’

हितं थांबलो असतो तर आळीत माझा सत्कार झाला असता. पण मी म्हणालो, दूध तर बंदच हाय, निम्मं वाया कशाला जायचं? चाचांचा घसा बसलेला. मंग मीच गवळ्याला फोन लावला, चाचांच्या आवाजात. ‘उद्यापासून अर्धा लिटरच टाकावे. उरलेले जादा होत आहे.’ गवळी ‘व्हय चाचा’ म्हणाला. मी स्वतःवर खूश.

सकाळी चाचांनी मला हाक न्हाई मारली, घोषणा केली. घसा सुटला होता. मी गेलो. जादा उन्हात अंग चाटत बसलेली, एकदम ठणठणीत. चाचा पातेलं घेऊन उभे.

‘आपण आमच्या आवाजाचा गैरवापर केला आहे. आपणास हा अधिकार कोणी दिला? सदर दूध जादा आहे, असे आपणास कोणी...’

आन् तिथं चाचांची शुद्ध भाषा बंद पडली. घाटात गाडी बंद पडते तशी. पातेल्यात बघत म्हणाले, ‘जादा न्हाई ते. तुझ्या चाचीचं हाय. गवळ्याला कमी कर म्हणायचं, तर तो विचारणार का म्हणून. मंग सांगावं लागतंय. म्हणून न्हाई सांगितलं कवा. दूध उरायला लागलं, तवाच ही आली.’

 सवयीनं माझ्या तोंडातनं चाचाच निघाले, ‘झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व...’

‘गप,’ चाचा म्हणाले. ‘गवळ्याला फोन लाव. लिटरभर म्हणावं, आदीसारखं. आन् ते निम्मं उद्यापासनं तू प्यायचं, हितं बसून. मांजराला सोसत न्हाई, तुला सोसंल. आन् माझ्या आवाजात मला उत्तर देऊ नको. तुझ्या आवाजात बोल. ह्या घरात तेवढा एकच आवाज ऐकून कान किटलेत माझे.’