जायबंदी सभासदाची बग्गी

चालणे हा गोल्फचा आत्मा आहे, यावर ज्यांचे पाय शाबूत आहेत त्या सर्वांचे एकमत आहे. ज्यांचा पाय मोडला आहे त्यांचे मत घेण्याची पद्धत नाही, कारण ते बैठकीला येऊ शकत नाहीत.

१९८३ साली बेळगावाबाहेरच्या माळावर जो क्लब होता (नाव देत नाही, सभासद हयात आहेत आणि त्यांत वकील फार), त्याच्या वार्षिक कपाच्या अंतिम सामन्यात भावकू आप्पा पोचला आणि या आत्म्यालाच धोका निर्माण झाला. भावकूची उद्यमबागेत फौंड्री होती. घरचे खानापूरकडचे भातशेतीवाले. क्लबात तो शिरला तो चार मोठ्या माणसांच्या ओळखी व्हाव्यात म्हणून, पण दुर्दैवानं त्याला खेळ येऊ लागला. हे कुणालाच अपेक्षित नव्हतं. नव्या सभासदानं वेळेवर यावं, हसतमुखानं हरावं आणि सर्वांना चहा पाजावा, असा शिरस्ता होता.

सामन्याच्या आदल्या आठवड्यात फौंड्रीत लोखंडी साचा पायावर पडून भावकूच्या अंगठ्याचं हाड मोडलं. हाडांचे डॉक्टर हुद्दार यांनी त्याला गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं. (खबरदारी म्हणून.) हुद्दार मोठे निष्णात. शिवाय अंतिम सामन्यात भावकूसमोर तेच होते.

"आप्पा, चालायचं अजिबात नाही हं," डॉक्टर कळवळून म्हणाले.

"उभं ऱ्हायलं तर चालंल काय?"

"उभं राहा की. फक्त चालू नका."

गोल्फमध्ये उभं राहून चेंडू मारतात आणि मग चालत त्याच्यामागं जातात, हे डॉक्टरांना माहीत नव्हतं असं कोण म्हणेल?

तरीही डॉक्टर न्यायी गृहस्थ. सामना आयता पदरात पडला असं कुणी म्हणू नये, म्हणून त्यांनी स्वतःच कमिटीत ठराव मांडला: 'जायबंदी सभासदास भाड्याने बग्गी आणून खेळण्याची मुभा राहील, बग्गी न मिळाल्यास त्याने सामना सोडला असे समजण्यात येईल.' परदेशात गोल्फच्या मैदानावर बॅटरीवर चालणारी छोटी गाडी मिळते, तिला बग्गी म्हणतात, हे डॉक्टरांनी मासिकात पाहिलं होतं. बेळगाव, धारवाड, कोल्हापूर, निपाणी कुठंही तसली गाडी नाही, याचीही त्यांनी खात्री करून घेतली होती. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला आणि फळ्यावर तीन भाषांत लागला. (सीमाभागात एवढी काळजी घ्यावी लागते, भांडण झालंच तर तिन्ही भाषांत करता यावं.) मराठी प्रतीत बग्गीला बग्गीच म्हटलं होतं.

भावकूनं ती वाचली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. बग्गी? हिंडलग्याच्या मष्णूकडं होती की! लाल मखमलीची बैठक, आरशांची नक्षी, वर छत्री, पुढं पांढरा घोडा. अर्ध्या तालुक्याचे नवरदेव त्याच बग्गीतून मिरवले होते.

"आप्पा, बग्गी न्हे की," मष्णू म्हणाला, "पर घोडं ब्यांडाबिगर पाऊल उचलत न्हाय. त्येला तशीच सवं हाय."

"मग ब्यांड बी आण."

घरी राजाबाईनं, म्हणजे भावकूच्या बायकोनं, दारात बग्गी पाहिली आणि पदर खोचला. "लगीन झाल्याली मान्सं तुमी. कुठं निगालासा ह्यात बसून?"

"क्लबाचा ठरावच हाय गं तसा."

"क्लबात हे बी चालतं व्हय?" असं म्हणून तीही शेजारी चढून बसली. नवऱ्याच्या पायाची काळजी तिला होतीच; पण नेमकं कुणाशी काय ठरलंय हे बघणंही गरजेचं होतं.

सामना सुरू झाला. आणि मान्य केलं पाहिजे, की गोल्फला याहून शिस्तशीर वाहन मिळालं नसतं. बँड वाजला की घोडा चाले. बँड थांबला की थांबे. भावकू कुबडी टेकून उतरे, चेंडू मारी, परत चढे. डॉक्टरांची पाळी आली की बँडवाले अदबीनं गप्प होत आणि तोंडाला क्लॅरिनेट लावून त्यांच्याकडं टक लावून बघत. डॉक्टरांनी काठी उगारली, की ढोलवाल्याचा हातही आपोआप वर जाई. काठी खाली आली की 'धडाम!' चेंडू करवंदीच्या जाळीत.

तरी डॉक्टर शेवटपर्यंत एका गुणानं पुढं राहिले. खेळाडू खरोखर चांगले होते.

तोवर शेजारच्या वाडीपर्यंत आवाज गेला. खुरपी तशीच टाकून बायका आल्या, मागून गडी आले. कुणाचं लग्न हे विचारण्यात वेळ न घालवता सगळे बग्गीपुढं नाचू लागले. दोघांनी डॉक्टरांना नवरदेवाचा भाऊ समजून हाताला धरून नाचवलं. शेवटच्या खड्ड्यापाशी बाळाबाई नावाची म्हातारी भाकरतुकडा ओवाळायला पुढं झाली, पण घाईत भाकरी घरीच राहिलेली. तिनं गवतातला पांढरा गोळा उचलला, भावकू-राजाबाईवरून ओवाळला, कडाकडा बोटं मोडली आणि गोळा मागं ओढ्यात भिरकावला. तो डॉक्टरांचा जिंकणारा चेंडू होता.

"चेंडू होता तिथं परत ठेवू द्या!" डॉक्टर ओरडले. नियमानं त्यांचंच बरोबर होतं. पण चेंडू होता तिथं आता ढोलवाला उभा होता, आणि नेमकं कुठं यावर दोन वकील सभासद बोलू लागले होते. डॉक्टर रागानं काठी टाकून घरी गेले. पायीच.

मांडवात बक्षीस द्यायला आलेले बडे अधिकारी दचकून उठले. समोर बँड, माणसं, मखमल. त्यांनी गुण विचारले नाहीत. बग्गीतल्या माणसाला हार घातला आणि कप हातात दिला.

भावकूला हा कप मनापासून हवा होता, पण जिंकून. तो उभा राहिला, घसा खाकरून म्हणाला, "सायेब, मी एका गुणानं हारलोय..."

नवरदेव उभा राहिलेला पाहून बँडनं जोर धरला. पुढचं कुणाला ऐकूच गेलं नाही. अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं बघून कमिटीनं वाजवल्या. सगळ्यांचं बघून वकिलांनीही.

या भाबड्या मंडळींना आपण हसला असाल, तर तो आपला हक्क आहे. निवडणूक असो, सत्कार असो, लग्न असो, आपण मात्र आत कोण बसलंय ते आधी वाकून बघता आणि मगच नाचू लागता, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही.