सुभेदारांचा हिरवा पास

सुभेदार कांबळे ऑफिसात आले की नमस्कार-चमत्कार मागाहून. आधी हुकूम सुटायचा, "बटनं बंद करा." ट्यूब जायची, पंखा थांबायचा, आपण टेबलावर चष्मा चाचपायला लागायचो, आणि मग ते शांतपणे म्हणायचे, "हां. आता बोला."

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ आमची ऑफिसं असलेली जुनी तीन मजली इमारत होती, तिचे हे राखणदार. लष्करातून पेन्शनीत आलेले. मालक पुण्याला राहायचे आणि त्यांनी सगळा कारभार सुभेदारांवर टाकलेला. भाडेकरूला आतलं बांधकाम बदलायचं असेल तर सुभेदारांचा पास लागायचाच. पास म्हणजे पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, त्यावर हिरव्या शाईत खोलीचा नंबर आणि खाली सही.

तो सुखासुखी मिळत नसे. भर दुपारी बटणं बंद करून सुभेदार उदबत्ती लावायचे. धूर खिडकीबाहेर गेला तर ठीक, खोलीतच घोटाळला तर नापास. मग पश्चिमेच्या भिंतीला गाल लावून ती किती तापलीय ते बघायचे. शेवटी शर्टाच्या खिशातून एक निळं, घड्या पडून फाटायला आलेलं पत्र काढायचे, टेबलावर धरून पुटपुटायचे आणि म्हणायचे, "दिसतंय" किंवा "न्हाई दिसत". ते पत्र कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. खालचे दातांचे डॉक्टर दोनदा नापास झाले होते. त्यांच्या मते तो लष्कराचा गुप्त आदेश होता. टायपिंग क्लासवाल्या बाई मात्र पहिल्या झटक्यात पास झाल्या आणि त्यांनी तो पुठ्ठा चौकट करून गणपतीशेजारी लावला.

मी स्वतः बांधकामाचे नकाशे काढून देणारा. उजेड-वारा मला कुणी शिकवायला नको, अशी माझी समजूत. त्या वर्षी मी कॉम्प्युटर घेतला. तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटर म्हणजे घरी आलेला जावई. त्याला धूळ चालत नाही, ऊन चालत नाही, एसी लागतो, आत जाताना चपला बाहेर. म्हणून मी मागच्या बाजूची नऊ नंबरची खोली भाड्याने घेतली. बरीच वर्षं तिथे आधीच्या भाडेकरूची पोती कुलपात पडून होती. सुताराने जुनी मांडणी हलवली तर मागे फळ्या ठोकून बंद केलेली खिडकी निघाली. मी म्हटलं, तिच्यावरूनच प्लायवूड मार.

सुभेदारांनी काम थांबवलं. मी चिडलो. खिडकी उघडली तर कॉम्प्युटरच्या पडद्यावरची रेघ दिसणार नाही, मी हे शिकून आलोय, असं बरंच काही बोललो. वाद घालणं हा ज्यांचा विरंगुळा, ते सुभेदार त्या दिवशी खिडकीशी जाऊन उभे राहिले. एक हात फळीवर.

"सायेब, येकडाव उघडा," ते म्हणाले. "मग वाटलं तर झाका परत. पास मी देतो."

या माणसाला विनवणी करताना मी कधी पाहिलं नव्हतं. माझा राग तिथेच ओसरला.

खिळे गंजलेले, सुताराला अर्धा तास लागला. खिडकी उघडली तसा अजिंक्यतारा दिसला आणि टेबलावर उजेड आला. खोलीत होता-नव्हता तो एक दिवा सुभेदारांनी स्वतः बंद केला. उदबत्तीचा धूर सरळ बाहेर गेला. मग त्यांनी पत्र काढलं, जवळ धरलं, लांब धरलं, आणि माझ्या हातात दिलं.

"तुमी वाचा. मोतीबिंदू हाय. लय दिस झालं, मला काय दिसत न्हाई. पाठ हाय म्हणून म्हणत असतो."

म्हणजे दातांचे डॉक्टर दोनदा नापास झाले ते पाठांतरावर. मला हसू आलं, पण वाचायला लागलो आणि ते राहिलं तिथेच.

"इथे दिवस उगवला की मावळला ते घरी जाताना कळते. वीज गेली की तुमचे पत्र नुसते हातात धरून बसते. सुटीवर आलात की मालकांना सांगून एवढी खिडकी उघडून घ्या."

"आमची मंडळी," सुभेदार म्हणाले. "हितं टायपिस्ट हुती. आमच्या वस्तीतली पयली शिकलेली बाई. बाकीचे कारकून म्होरच्या हॉलात, हिला येकटीला हितं बसवलेली. मी रजेवर आलतो. मालकास्नी बोलायचं ऱ्हायलं. म्हणलं, पुढच्या रजंला बोलू."

पुढच्या रजेपर्यंत ती हयात नव्हती. हे त्यांनी सांगितलं नाही, घड्या फाटेपर्यंत जपलेल्या त्या एका पत्रावरून मला कळलं. इतकी वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या खिडक्या उघडत या एका खोलीची वाट बघत होता, आणि मी तिच्यावर प्लायवूड मारायला निघालो होतो. मला स्वतःची फार लाज वाटली.

मी माझं नकाशांचं हिरवं पेन पुढे केलं. ते म्हणाले, पास उद्या देतो.

"जरा बसू का हितं?"

मी खुर्ची खिडकीशी सरकवून दिली. ते पत्र मांडीवर ठेवून बसले. ऊन टेबलावरून फरशीवर उतरलं, फरशीवरून भिंतीवर चढलं आणि गेलं, तरी ते बसून होते. मी कपाटाला टेकून उभा होतो. बटण माझ्या हाताशीच होतं, पण मी ते लावलं नाही.