बॅनरवरचे साळवीकाका

निवडणूक जाहीर झाली की आमच्या शेजारचे साळवीकाका पहिल्यांदा सलूनमध्ये जातात. बाकीचे लोक मतदारयादीत नाव शोधतात, काका आरशात तोंड शोधतात. मागच्या खेपेला त्यांनी फ्रेंच दाढी ठेवली होती. त्याच्या आधी केसांना मेंदी लावून तांबडे केले होते. आमच्या अंबरनाथच्या सोसायटीत नवीन आलेल्या एका भाडेकरूला बरेच दिवस वाटत होतं की साळवींच्या घरात तीन भाऊ राहतात.

काका भित्रे आहेत. हे मी त्यांच्या पाठीमागे बोलत नाही, ओळख करून देताना ते स्वतःच सांगतात. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ते सेफ्टी ऑफिसर होते. कुठे आग लागेल, काय गळेल, कोण घसरेल याची काळजी करायची, हेच त्यांचं काम. निवृत्तीनंतर काम सुटलं आणि काळजी घरी आली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीबद्दल सगळ्यात शहाणी सूचना त्यांचीच असते, पण ती ते माझ्या कानात सांगतात आणि वर म्हणतात, "सीमा, तू बोल. आपलं नाव नको." गणपतीच्या वर्गणीची पावतीसुद्धा ते 'एक रहिवासी' अशी फाडून घेतात.

राजकारणाचं तर विचारूच नका. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते रोज सकाळी एक फूल टाकायचे. एक दिवस फूल बंद झालं. मी विचारलं तर म्हणाले, "रंग कुठला टाकायचा, तूच सांग. भगवं टाकलं तर एक पार्टी, निळं टाकलं तर दुसरी, नुसतं हिरवं पान दिसलं तरी तिसरी. पांढरं टाकलं तर लोक विचारतात, कोण गेलं?"

अशा माणसाचं तोंड भर रस्त्यात बॅनरवर लागलं.

त्याचं असं झालं. एका सव्वीस जानेवारीला सगळ्यात ज्येष्ठ म्हणून काकांच्या हस्ते झेंडावंदन झालं आणि त्याचा फोटो ग्रुपवर आला. तेव्हा त्यांना भरघोस, काळीभोर, टोकांना वर वळवलेली मिशी होती. ती त्यांच्या स्वभावाला अजिबात शोभत नव्हती, पण दिसायची झकास. आमच्या वॉर्डातले पुढारी भाऊ, त्यांच्या कार्यकर्त्या पोरांनी तो फोटो उचलला आणि भाऊंच्या वाढदिवसाच्या बॅनरवर खाली शुभेच्छुकांच्या रांगेत चिकटवला. दोन्ही बाजूंना गॉगल आणि गळ्यात जाड चेनी, मधे आमचे काका. आणि बॅनर लागला कुठे, तर त्यांच्याच पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीसमोरच्या खांबाला.

काकांना वाटलं, चार दिवसांत उतरेल. उतरला, पण भाऊंनी पक्ष बदलला म्हणून. नवीन बॅनर आला. मागचा रंग वेगळा, वरचे नेते वेगळे, खाली काका तेच. मग तो पक्षच फुटला. भाऊ त्यातल्या कुठल्या तुकड्यात गेले ते मलाही धड सांगता येणार नाही, पण तिसरा बॅनर लागला आणि त्यावरही काका होते.

"पक्ष बदलतात तर फोटो पण बदला म्हणावं!" ते कळवळून म्हणाले. पण मला. भाऊंना सांगायला जायचं म्हणजे आधी आपण कोण ते सांगावं लागणार.

एकदा नाक्यावर चहा पिताना समोरच्या पार्टीच्या एका कार्यकर्त्यानं त्यांना विचारलं, "काय काका, सध्या कुणीकडे?" हसत विचारलं होतं. काका चहा तसाच टाकून घरी आले आणि संध्याकाळी त्यांची मिशी गेली. बॅनरवरचं तोंड बदलत नाही तर आपलं बदलायचं, असा त्यांचा हिशोब. तेव्हापासून हे सुरू झालं. सलूनवाला पप्पू त्यांना लांबूनच विचारायचा, "अंकल, इस बार कौनसी पार्टी?" आणि काका आत शिरून शटर अर्धं खाली ओढायला लावायचे.

आम्ही सगळे हसायचो. काकू मात्र हसायच्या नाहीत. नवीन तोंड घेऊन काका घरी आले की त्या नुसत्या बघत राहायच्या.

यंदा निवडणूक लागली तशी काकांनी दाढी-मिशी सफाचट केली आणि केस मिलिटरी कट. दुसऱ्या दिवशी दुपारी माझी बेल वाजली. दारात काका, हातात भाजीची पिशवी, घामानं निथळत होते. मला वाटलं, पार्टीची पोरं मागे लागली.

"ती दार उघडत नाही," ते म्हणाले. "आतून कडी लावलीय."

मी काकूंना हाक मारली. त्यांनी फटीतून बघितलं, मला आत ओढलं आणि लगेच कडी लावली.

"गेला का गं तो माणूस?"

"काकू, अहो काका आहेत ते."

"छे! मी त्याला चांगलं सांगितलं, दादा, साहेब घरी नाहीत, संध्याकाळी या. तर सरळ चपला काढून आत यायला लागला."

"मग साहेब कुठे आहेत?"

काकूंनी मला गॅलरीत नेलं आणि समोरच्या खांबाकडे बोट केलं. गॉगलवाल्यांच्या मधून मिशीवाले काका आमच्याकडे बघत होते. "ते काय तिथे," त्या म्हणाल्या. "कामात असतील. येतील."

मी फार घाबरले. बाहेर काका बेल वाजवत होते, तीही हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये अशी. प्रत्येक बेलला काकू माझा दंड आणखी घट्ट धरत होत्या.

सासूबाईंना काकूंजवळ बसवलं आणि काकांना मी आमच्या घरात घेऊन आले. पंख्याखाली बसून त्यांनी भाजीची पिशवी मांडीवरच ठेवली. मग म्हणाले, "दाढी ठेवली होती ना, तेव्हाही एकदा म्हणाली होती, तुम्ही कोण? मला वाटलं चेष्टा करते. मी म्हटलं वा, हिलाच ओळखू येत नाही, तर त्या पोरांना काय येणार! खूश झालो होतो गं मी." थोड्या वेळानं म्हणाले, "आयुष्यभर मी सगळ्यांना घाबरलो. मला घाबरलेलं माणूस आज पहिल्यांदा बघितलं."

मिशी उगवायला वेळ लागतो आणि काकू तोवर दार उघडणार नव्हत्या. माझ्या मुलीच्या गॅदरिंगचे कपडे मी उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका दुकानातून भाड्यानं आणते. काकांना स्कूटीवर मागे बसवलं आणि तिथे नेलं. सिंधी दुकानदारानं काउंटरवर मिशांचा डबा उपडा केला.

"बोलो साईं, रोल कौनसा है?"

काकांनी आजूबाजूला बघितलं आणि हळू आवाजात सांगितलं, "हजबंड का."

"हजबंड को आजकल मूँछ किधर होती है? पुलिसवाला ले जाओ, अच्छा दिखेगा."

काकांनी मोबाइलवरचा बॅनरचा फोटो दाखवला. दुकानदारानं चष्मा वर केला. "ऐसा बोलो ना, लीडर का रोल है!"

मिशी चिकटवून काकांनी स्वतःच्या दाराची बेल वाजवली. या वेळी दार लगेच उघडलं.

"किती उशीर केलात," काकू म्हणाल्या. "भाजी आणलीत का? आणि ऐका, मघाशी एक माणूस आला होता. मला नाही बरा वाटला."

"आता नाही यायचा तो," काका म्हणाले.

मग ते तसेच राहिले. खाली खरी मिशी येईपर्यंत वर खोटी. ऐन निवडणुकीत, बॅनरवरचं तंतोतंत तोंड घेऊन काका दूध आणायला जायचे, भिंतीच्या कडेकडेनं, मान खाली घालून, पण जायचे. एका संध्याकाळी मी त्यांचा डबा परत द्यायला गेले होते आणि बेल वाजली. दारात गळ्यात पट्टे घातलेली पोरं, तीही समोरच्या पार्टीची. पुढे नाक्यावरचा तोच कार्यकर्ता.

"काका, भाऊंच्या बॅनरवरचे तुम्हीच ना?"

घामानं मिशीचं एक टोक सुटलं होतं. काकांनी ते बोटानं दाबून धरलं. मी पुढे होऊन काहीतरी थाप मारणार होते, तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला.

"अहो, कोण आलंय?"

काकांनी एकदा आत बघितलं. "हो," ते त्या पोराला म्हणाले, "मीच तो."

"भाऊ काल आमच्यात आले ना! नवीन बॅनर करतोय. म्हटलं काकांना विचारून घ्यावं. जुनाच फोटो चालेल?"

"चालेल," काका म्हणाले. "पण लावायचा इथेच, गॅलरीसमोर. आणि मिशी नीट दिसली पाहिजे."

"नाव काय टाकू खाली?"

"मधुकर साळवी. पूर्ण टाका."

दार लावल्यावर मात्र त्यांना खाली बसावं लागलं. मी पाणी आणून दिलं. मिशी भिजू नये म्हणून त्यांनी ते वरून, जपून, थोडं थोडं घेतलं.