बिननावाचा अर्ज

अल्मोड्यात टॅक्सी चालवणारे पुष्कळ आहेत, पण अल्मोडा दाखवावं तर ते डुंगर सिंग कनवालनेच! हे मी म्हणत नाही, माझ्या गाडीतून उतरणारी माणसं म्हणतात, आणि कुणी नाहीच म्हणालं तर सामान काढून देता देता मी म्हणवून घेतो. सकाळी कटारमलचं सूर्यमंदिर, मग कसारदेवी, दुपारी चितईचे गोलू महाराज आणि संध्याकाळी ब्राइट एंड कॉर्नरला सूर्यास्त. ढग आले तरी मी सूर्यास्त दाखवतो! बोटाने दाखवायचं, "तो बघा, तिथून खाली गेला." आजवर कुणी भाडं परत मागितलेलं नाही.

माझा खास खेळ असायचा तो चितईला. गोलू महाराज म्हणजे आमचे न्यायाधीश. ज्याचं कुठेच कुणी ऐकत नाही, तो कागदावर अर्ज लिहून त्यांच्या देवळात टांगतो आणि काम झालं की घंटा बांधतो. घंटांना गणती नाही, अर्जांना तर त्याहून नाही. ते वाचायचे देवाने. पण मी ते पाहुण्यांना वाचून दाखवायचो, अगदी आवाज बदलून! कुणाची म्हैस शेजाऱ्याने बांधून घेतलेली, कुणाला सासू चहात साखर घालू देत नाही. पाहुणे पोट धरून हसायचे. माझी बायको हंसी एकदा म्हणाली होती, की लोकांची दुखणी अशी चव्हाट्यावर मांडू नयेत. मी म्हटलं, तुला धंद्यातलं काय कळतंय?

गेल्या असोजात, म्हणजे आमच्याकडच्या गवतकापणीच्या महिन्यात, कानपूरच्या एका कुटुंबाला घेऊन मी चितईला गेलो. सवयीने एक कागद धरला आणि रडक्या आवाजात सुरू केलं:

"गोलू महाराज, तो सगळ्या जगाला गाडीत घालून डोंगर दाखवतो, पण माझ्याकडे वळून बघायला त्याला सवड नाही. मी रांधते, झाकून ठेवते आणि सकाळी गाईला घालते. त्याला शिक्षा नको देऊस. एकदा माझ्या हातचं पोटभर खाऊ दे आणि माझ्याशी दोन शब्द बोलू दे."

कानपूरचे साहेब म्हणाले, "कोण हो हा नालायक ड्रायव्हर?" सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो. हसता हसता माझं लक्ष अक्षराकडे गेलं. त्यातल्या प्रत्येक 'ह'ला लांबलचक शेपूट होतं. हे शेपूट मी वीस वर्षं वाणसामानाच्या यादीत बघत आलोय. अक्षर हंसीचं होतं!

खाली सही नव्हती आणि त्या नालायकाचं नावही कुठे नव्हतं. नसणारच! आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. हंसी मला मुलीच्या नावाने 'हेमाचे बाबू', म्हणजे हेमाचे वडील, म्हणते, आणि रेशनच्या दुकानात नाव विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवून गप्प बसते. अर्जात नाव नाही म्हणजे तो नवराच, आणि हंसीचा नवरा म्हणजे मी. माझे कान तापले. साहेबांनी विचारलं, पुढे काय लिहिलंय? मी म्हटलं, पुढचं पावसाने पुसलंय. मग सगळे घंटांचे फोटो काढत असताना मी हळूच तो कागद काढून खिशात घातला. आमच्या स्टँडवरचे ड्रायव्हरही अर्ज वाचून दाखवतात हो, माझंच बघून शिकलेत.

चार दिवस मला जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशीचं बुकिंग मी मित्राला देऊन टाकलं आणि सकाळी हंसीला म्हटलं, तयार हो, आज तुला फिरायला नेतो.

ती विळा घेऊन निघालीच होती. "कोण गेलं?" तिने विचारलं.

कुणी गेलेलं नाही, हे तिला पटायला वेळ लागला. असोजात आमच्याकडे बायका पाळीपाळीने एकमेकींचं गवत कापतात. ती सगळ्यांच्या उतारावर राबून आली होती आणि नेमकी त्याच दिवशी आमच्या गवताची पाळी होती. मी म्हटलं, गवत कुठे पळून जातंय? तिने बायकांना निरोप धाडला, लग्नकार्याला नेसायची साडी नेसली आणि गाडीत बसली. विळा मांडीवरच राहिला होता.

दुसऱ्याच वळणावर तिचा चेहरा पांढराफटक पडला. हंसीला गाडी लागते! मला हे माहीत नव्हतं. कटारमलला ती देवळाच्या पायरीवर डोकं धरून बसली आणि मी समोर उभा राहून सवयीने म्हणालो, "तर मॅडम, हे मंदिर फार प्राचीन आहे." तिने मागे वळून पाहिलं, कोण मॅडम आली म्हणून.

कसारदेवीला तिने बराच वेळ हात जोडले. मला वाटलं, माझ्यासारखा नवरा मिळाला म्हणून देवीचे आभार मानतेय. जेवायला मी हॉटेलातलं होतं नव्हतं ते सगळं मागवलं, तर तिने अर्धी रोटी मिठाबरोबर खाल्ली आणि विचारलं, गाय विकलीत का? मी नाही म्हटलं. मग जमीन? तेही नाही म्हटल्यावर ती आणखीच खचली.

संध्याकाळी ब्राइट एंड कॉर्नरला आभाळ स्वच्छ होतं. त्रिशूळ आणि नंदादेवी ही हिमशिखरं लालभडक झाली होती, बोटाची गरजच पडली नाही. बघतो तर हंसीच्या डोळ्यांतून धारा! मनात म्हटलं, डुंगर सिंग, जिंकलास.

"आता खरं सांगा," ती म्हणाली. "डॉक्टरांनी किती दिवस दिलेत?"

"कुणाला?"

"तुम्हाला."

मग मात्र मला राहवलं नाही. मी कागद काढून तिच्या हातात दिला आणि म्हटलं, चुकलो. तिने तो पाहिला आणि तिचं रडणं एकदम थांबलं.

"हा तुमच्या खिशात कसा? हा तर परुली काकीचा!"

परुली काकी आमची शेजारीण. तिच्या मुलाचं नाव हयात, तो डोंगराखाली हल्द्वानी शहरात टॅक्सी चालवतो. दोन वर्षांत तो घरी आलेला नाही. काकीला लिहिता येत नाही, म्हणून अर्ज हंसीने लिहिला होता. अर्ध्या गावाचे अर्ज तीच लिहिते म्हणे. ही बातमी मला अल्मोड्याच्या सूर्यास्ताच्या जागेवर उभं राहून कळत होती!

"मग नाव का नाही घातलं?" मी विचारलं.

"मी विचारलं होतं. काकी म्हणाली, नाव नको ग घालू. देव कडक आहे. रागावला आणि माझ्या पोराला काही झालं तर?"

हंसी पुढे सांगत होती. रोज सकाळी काकी कुंपणावरून विचारायची, देवाने वाचलं असेल का ग? आणि हंसी सांगायची, वाचलं असेल. चार दिवस तो कागद माझ्या खिशात पडून होता. बरं, हयात मला हल्द्वानीच्या स्टँडवर नेहमी भेटतो. आम्ही एका ताटात जेवलोय. घरी कधी जातोस, एवढं मी त्याला एकदाही विचारलं नाही.

आम्ही तडक चितईला गेलो. वाटेत हंसीला दोनदा उतरावं लागलं, पण परत फिरा असं ती म्हणाली नाही. मी कागद होता तिथे बांधला, कान पकडले आणि माफी मागितली. तिथूनच हयातला फोन लावला. तो मला थोरल्या भावासारखा 'दाजू' म्हणतो; म्हणाला, "दाजू, सीझन आहे." हेच मी घरी वीस वर्षं सांगत आलोय. मी त्याला अशा शिव्या घातल्या, की पुजारी बाहेर आले.

तो दिवाळीला आला आणि दोन दिवस राहिला. काकीने घंटा बांधली. आमचं गवत मात्र त्या दिवशी राहिलं ते राहिलंच, पुढे पावसात सापडून काळं पडलं. गाय त्याला तोंड लावत नव्हती.

पण त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. माफी मागून झाल्यावर मला जरा हलकं वाटलं. मी हंसीला म्हटलं, म्हणजे माझ्याबद्दल तुझी काही तक्रार नाही तर.

"आहे की. टांगलीय," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. मागच्या बाजूला आहे कुठेतरी."

मी धीर करून विचारलं, "बिननावाची ना?"

"छे! तुमचं पूर्ण नाव घातलंय. वडिलांचं नाव, गाव, गाडीचा नंबर. नाव तोंडाने घ्यायचं नसतं. लिहायला कुणी बंदी केलीय?"

आता मी पाहुण्यांना अर्ज वाचून दाखवत नाही. ते फोटो काढत असतात तेव्हा मी देवळामागे जाऊन लांब शेपटाचा 'ह' शोधत फिरतो. अजून सापडलेला नाही. तसं तिलाच विचारता येईल, बाई, काय मागितलंयस? रोज संध्याकाळी मी ठरवतो, आज विचारायचंच. पण तेवढ्यात फोन वाजतो, दुसऱ्या दिवशीचं बुकिंग असतं, आणि फोन ठेवेपर्यंत हंसी ताट झाकून गोठ्यात गेलेली असते.