तक्रार नसलेला बेडूक

कुणाची तक्रार नाही म्हणजे सगळं आलबेल, या पायावर जगातली झाडून सगळी कार्यालयं उभी आहेत. जीवरक्षण कार्यालय तर त्यावर दुमजली उभं आहे.

तिथली पद्धत सुटसुटीत. उंदराला केस, बेडकाला ओलं कातडं, असले भेद शास्त्रज्ञांनी खुशाल करावेत. प्राणी मोजायला चिखलात कोण उतरणार? म्हणून तक्रारी मोजायच्या. एक जरी आली तरी प्राणी ‘दखलपात्र’, त्याला संरक्षण. एकही नाही आली तर ‘समाधानी’, त्याला शुभेच्छा.

यंदा तुलनेला दोन जीव होते. उष्ण प्रदेशातला काटेरी उंदीर: तक्रारी दोनशे चौदा. (उंदीर एकच. कार्यालयातच राहतो, फायली खातो. तक्रारी साहेबांच्या.) कार्यालयामागच्या डबक्यातला बेडूक: शून्य. तेव्हा उंदरासाठी संरक्षण भवन मंजूर झालं आणि जागा ठरली डबक्याची.

नोंदणी कारकूनबाई तडक साहेबांच्या टेबलाशी गेल्या. सतरा वर्षं त्यांनी त्या बेडकाच्या सोबतीनं खिडकीशी डबा खाल्ला होता.

“साहेब, हा शेवटचाच आहे हो!”

“असेल. पण कागदावर कुठंय? शनिवारपर्यंत एक तक्रार आणा, डबकं वाचलं म्हणून समजा.”

बाईंचं घर डबक्याच्या भिंतीपलीकडेच. बाईंनी सासऱ्यांना गळ घातली. सासरे म्हणजे या कामातला पट्टीचा माणूस. (शेजाऱ्याच्या पायपुसण्याविरुद्ध त्यांचे तीन अर्ज आहेत.)

“बाबा, लिहा ना, बेडूक फार ओरडतो म्हणून.”

“अगं, त्याच्या आवाजावरच डोळा लागतो माझा! मी तक्रारखोर आहे, लबाड नाही.”

शनिवार उलटला. सोमवारी डबकं बुजवलं.

आठवड्यानं सासरे स्वतःच खिडकीशी हजर, डोळे तांबारलेले. “लिहून घे. बेडूक ओरडत नाही. झोपेचं पार खोबरं झालंय.”

बाईंनी डोळे पुसत नोंद केली. साहेब हरखले. बेडूक, तक्रारी: एक. त्याच दिवशी तो दखलपात्र ठरला आणि भवनाच्या नकाशात त्याला अख्खा दुसरा मजला मिळाला. (बेडूक अद्याप रुजू झालेला नाही. दोन स्मरणपत्रं गेली आहेत.)

आता कार्यालय घरोघरची माहिती गोळा करतंय. तुमच्या घरामागचा बेडूक शेवटचा कधी ओरडला, आठवतंय? नाही ना? म्हणजे तुमचीही काही तक्रार नाही. तसं लिहून घेतलंय.