टोपली, कोनाडा आणि टिटवीची चोच

एका जंगलात, मुलांनो, एक बंधारा होता आणि त्याच्या खाली साळूबाई नावाच्या साळिंदराचं बीळ होतं. बंधाऱ्याचं दार नीट उघडलं, तर साळूबाईची पिल्लं सुखात झोपत. जास्त उघडलं, तर बुडणार. इतकं साधं होतं. पण त्या जंगलात शहाणे फार होते.

दार किती बोटं उघडायचं, याचा हिशेब म्हातारं कासव करी. खडे मांडून, सावकाश. उत्तराचे खडे ते टोपलीत टाकी. अर्ध्या बोटासाठी अर्धा फोडलेला खडा. पाणमांजर टोपलीत बघे आणि तेवढंच दार उचली.

सिंहमहाराजांना कासवाचा वेग सोसवेना. म्हणून त्यांचे कारभारी कोल्हेसाहेब यांनी परराज्यातून खारूताई आणली. अपूर्णांक म्हटला की तिचं उत्तर तयार. फक्त तिच्याकडची रीत वेगळी होती. पूर्ण आकडा टोपलीत, अपूर्णांक मात्र खास कोनाड्यात.

कासवाला हार घालून घरी पाठवलं. पाणमांजर जुनंच ठेवलं. त्याला नवी रीत शिकवायची, तर नव्या व्यवस्थेचं उद्घाटन लांबलं असतं.

फाटकावर एक टिटवी बसे. हिशेब तिला येत नसे. नव्याची रीत जुन्याशी जुळते का, एवढंच ती बघे. ती ओरडली, "हिचा अपूर्णांक कोनाड्यात, पाणमांजर बघणार टोपलीत. यांना जोडू नका."

"दोघांची वेगवेगळी परीक्षा घेतली आहे," कोल्हेसाहेब म्हणाले. "दोघं पास."

"एकत्र घेतली का?"

"दोघं पास म्हणजे जोडी पास. हिची चोच बांधा रे. पाहुणे यायचे आहेत."

चोच बांधली. ओरडणं थांबलं, म्हणजे दोष मिटला, असं जाहीर झालं.

आणि खरंच सगळं ठीक चाललं. कधी दोन बोटं, कधी तीन. पूर्ण आकडे टोपलीत पडत होते. कोल्हेसाहेबांना शाल मिळाली. मला त्या शालीची आजही चीड येते.

मग एके दिवशी पाणी जरासं वाढलं. खारूताईने चटकन उत्तर काढलं, अडीच बोटं. अगदी बरोबर. अपूर्णांक, म्हणून तिने ते कोनाड्यात ठेवलं. पाणमांजराने टोपलीत पाहिलं. तिथे त्याने दुपारी खाल्लेल्या खेकड्यांच्या नांग्या पडल्या होत्या. त्याने त्या मोजल्या आणि दार सताड उघडलं.

बीळ वाहून गेलं. साळूबाईची दोन पिल्लं बाभळीत अडकलेली, पण जिवंत सापडली. धाकटं सापडलं नाही.

साळूबाई दरबारात आली. चौकशी झाली. खारूताईचं उत्तर बरोबर निघालं. पाणमांजराची मोजणीही बरोबर निघाली.

"खडे आहेत की नांग्या, हे बघणं माझ्याकडे नाही," ते म्हणालं. दरबाराला पटलं.

"मग माझं पिल्लू कुणामुळे गेलं, महाराज?" साळूबाईने विचारलं.

कोल्हेसाहेब खाकरले. "टिटवीमुळे. इशारा देणं तिचं काम. उद्घाटनापासून तिने चकार शब्द काढलेला नाही."

टिटवीला बाजू मांडायची संधी दिली. चोच अजून कुणी सोडली नव्हती.

मुलांनो, शहरातही काही मोठी माणसं प्रोसेसरमध्ये दशांशाचे हिशेब करणारं वेगवान यंत्र घेतात, उत्तर जुन्याच जागी शोधणारे प्रोग्राम त्याला तसेच जोडतात आणि इशारा आला की तो बंद करून टाकतात. त्यांना ही गोष्ट सांगू नका. ती फक्त शाल कुठे मिळते ते विचारतील.

तात्पर्य : ज्याचं त्याचं काम बरोबर असलं, की कुणाचंही पिल्लू बुडालं तरी चूक झालेली नसते. तरीही चूक कुणाच्या तरी नावावर घालावीच लागली, तर ज्याची चोच बांधली आहे त्याच्या नावावर घालावी. तो नाही म्हणत नाही.